कांचेंतला समुद्र आणि हिरवा पाहुणा

दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची कांचेची पेटी मांडावी, तींत चारदोन रंगीत मासे, एखादें समुद्रफूल आणि पोवळ्याचा एखादा जिवंत खडक ठेवावा, आणि पहिले पंधरा दिवस घरांतील लहानथोरांनीं तिच्यासमोरून हलूं नये, हा अनुभव आज शहरांतील कांहीं घरांना परिचित आहे. त्यापुढचा अनुभवहि तितकाच ठराविक असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत कांचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसूं लागते. ती पुसली कीं थोड्याच दिवसांत खडकांवर हिरवी मखमल चढते. मखमलीचे केस होतात, केसांच्या जटा होतात, आणि त्या जटांखालीं पोवळ्याचीं इवलालीं तोंडें मिटून जातात. गृहस्थ बाही वर सारून तें सर्व उपटून काढतो. आठ दिवसांनीं तें पुन्हां जागच्या जागीं उभें! मग औषधें येतात, गोगलगायी येतात, दिव्यांना दोष दिला जातो, आणि शेवटीं पुष्कळ घरांतून ती पेटी रिकामी होऊन माळ्यावर जाते.

हा त्रास आजचा नाहीं. घरांत समुद्र ठेवण्याची हौस जितकी जुनी, तितकाच तो जुना आहे. म्हणजे त्याला आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. परंतु या इतिहासांतील खरी मौज निराळीच आहे. हें शेवाळ घरांत चोरपावलांनीं शिरलेलें नाहीं. त्याला प्रथम मोठ्या मानानें, जीवदान देणारा पाहुणा म्हणून, बोलावून आणण्यांत आलें. तो पाहुणा घरधनी कसा होऊन बसला, आणि त्याला बाहेर काढण्याच्या खटपटींत माणसाला कोणतें शहाणपण शिकावें लागलें, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इ.स. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या एक बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवीं गेल्या होत्या. त्यांचे यजमान लॉर्ड जॉन थिन हे लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध देवालयाचे एक अधिकारी धर्मोपदेशक. किनाऱ्यावर बाईंना जिवंत पोवळीं सांपडलीं. तीं लंडनला न्यावीं असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं सुईदोऱ्यानें तीं एका स्पंजाला टांचलीं, म्हणजे चोहोंकडून पाणी खेळावें. आणि समुद्राचें पाणी भरलेल्या बरणींतून तीं राजधानींत आणलीं. आतां प्रश्न पडला तो पाण्याचा. लंडनपासून समुद्र दूर; आणलेलें पाणी थोड्याच दिवसांत गुदमरल्यासारखें होई. तेव्हां घरांतील एक लहान मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसे. या ओतण्यानें पाण्यांत हवा मिसळे आणि पोवळीं तग धरीत.

पुढील वर्षीं, म्हणजे १८४७ सालीं, बाईंनीं दुसरा प्रयोग केला. समुद्रांतील कांहीं दगड, त्यांवर रुजलेल्या जिवंत शेवाळासकट, त्यांनीं त्या पाण्यांत सोडले. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडतात, हें सत्य त्या वेळीं शास्त्रज्ञांना नवीन नव्हतें. दूषित हवा वनस्पतींच्या योगानें शुद्ध होते हें प्रीस्टली यांनीं १७७० नंतरच्या दोनचार वर्षांत दाखविलें होतें, आणि त्या कार्याला सूर्यप्रकाश लागतो हें इंजेनहाउस यांनीं १७७९ सालीं सिद्ध केलें होतें. पण त्या सत्याच्या आधारावर समुद्राचा एक तुकडा घरांत जिवंत ठेवण्याचें धाडस या बाईंनीं केलें. पोवळीं नुसतीं जगलीं नाहींत. त्यांची वाढहि झाली. बाईंच्या प्रयोगाची हकीकत १८५९ सालीं एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. शेवाळाचा गृहप्रवेश झाला तो असा. मोलकरणीचे श्रम वांचविणारा सोबती म्हणून.

याच सुमारास लंडनमध्येंच दुसरा एक मनुष्य तोच विचार तराजू हातीं घेऊन करीत होता. रॉबर्ट वारिंग्टन हे औषधविक्यांच्या जुन्या संघाचे रसायनशास्त्रज्ञ. १८४९ सालीं त्यांनीं सुमारें बारा गॅलनांच्या, म्हणजे आजच्या हिशेबानें चोपन्न लिटरांच्या, एका कांचपात्रांत गोडें पाणी भरलें, वाळू-दगड घातले, पाणवनस्पति लावल्या आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. मासे श्वासाबरोबर जो कर्बाम्ल वायु सोडतील तो वनस्पति घेतील आणि उलट प्राणवायु देतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर आला; पण त्यांत एक उणीव राहिली. वनस्पतींचीं जुनीं पानें पाण्यांत कुजूं लागलीं. पाणी गढूळ झालें, आणि कांचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला. घरगुती मत्स्यालयांतील शेवाळाच्या उपद्रवाची ही अगदीं आरंभींची नोंद म्हणतां येईल.

वारिंग्टन यांनीं तळ्यांतल्या चारसहा गोगलगायी आणून त्या पात्रांत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, कांचेवरचा थर चाटून काढला, आणि त्यांच्या अंड्यांवर माशांचाहि निर्वाह होऊं लागला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय असें हें तिघांचें बिऱ्हाड एकमेकांच्या आधारानें सुखानें नांदूं लागलें. १८५० सालीं लंडनच्या रसायनशास्त्र-संस्थेपुढें हा वृत्तांत आला, आणि १८५२ पासून वारिंग्टन यांनीं तोच प्रयोग खाऱ्या पाण्यावर सुरू केला. ‘समतोल’ हा शब्द मत्स्यालयाच्या शास्त्रांत जो शिरला तो येथून. बंद पात्रांतील एक लहानशी सृष्टि माणसाच्या हस्तक्षेपावांचून आपली आपण चालत राहील, ही कल्पना फार मोहक होती. तिनें त्या काळच्या सुशिक्षितांना भुरळ घातली यांत नवल नाहीं.

ती भुरळ घरोघर पोंचविली फिलिप हेन्री गॉस यांनीं. गॉस हे निष्ठावंत ख्रिस्ती आणि तितकेच निष्ठावंत निसर्गनिरीक्षक. १८५२ सालीं डेव्हनच्या किनाऱ्यावर राहून त्यांनीं स्वतंत्रपणें समुद्रजीव पात्रांत जगविण्याचे प्रयोग केले, आणि १८५४ सालीं ‘द अक्वेरियम’ हें सुंदर रंगीत चित्रांचें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकानें मत्स्यालयाला आजचें इंग्रजी नांवहि कायमचें दिलें. काळ अनुकूल होता. कांचेवरील कर १८४५ सालीं उठला होता, त्यामुळें मोठाल्या कांचा स्वस्त झाल्या होत्या. आणि आगगाडीनें समुद्रकिनारा लंडनच्या दारापाशीं आणून ठेवला होता. पाहतां पाहतां इंग्लंडमधील मध्यमवर्गाच्या बैठकींत खाऱ्या पाण्याची पेटी ही सुसंस्कृतपणाची खूण होऊन बसली.

गॉस यांनीं शेवाळाचे डोळस भेद पाडले. तांबडीं आणि हिरवीं शेवाळें पेटींत चांगलीं नांदतात, तपकिरी मात्र लवकर कुजून पाणी बिघडवितात, असा त्यांचा अनुभव होता. प्रथम शेवाळ घालावें, आणि तें रुळल्यावर मागाहून प्राणी सोडावे, हा क्रमहि त्यांनींच सांगितला. कांचेवर आपोआप उगवणाऱ्या हिरव्या थराकडे त्यांचें लक्ष गेलेंच होतें. खडकावरील शंखधारी गोगलगायी तो थर कसा खातात, हें ते भिंगांतून तासन्‌तास पाहत. गोगलगायीची जीभ म्हणजे बारीक दांत्यांची एक पट्टी. ती पट्टी कांचेवरून फिरली कीं मागें एक कमानदार स्वच्छ पट्टा राहतो, आणि दुसऱ्या फेरींत त्याला लागून दुसरा. कुरणांत विळ्यानें गवत कापीत जाणाऱ्या माणसाची उपमा गॉस यांना हें पाहून सुचली. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं जो कोणी वांकून पाहील, त्याला हेंच कुरण आणि हेच कापणारे आजहि दिसतील.

पण गोगलगायी कितीहि चरल्या तरी हिरवळ आटोक्यांत येईना. शोभेची पेटी कोठें ठेवावयाची? अर्थात् खिडकींत! तेथें तिच्यावर चारी बाजूंनीं ऊन पडे. पाणी तापे, हिरवें होई, आणि मग आंत मासा आहे कीं नाहीं हेंहि दिसेना. हीच गत सार्वजनिक मत्स्यालयाची. १८५३ सालच्या मे महिन्यांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्याची इमारत लोखंड आणि कांच यांची, एखाद्या वनस्पतिगृहासारखी. माणसांना ती प्रसन्न वाटे. पण तींतील भरपूर ऊब आणि उजेड माशांपेक्षां शेवाळाच्याच अधिक सोयीचा होता.

तेव्हां विचारी लोकांचें लक्ष उजेडाकडे वळलें. समुद्रांत प्रकाश वरून येतो, बाजूंनीं येत नाहीं, ही साधी गोष्ट कांचेच्या कारागिरांनीं विसरली होती. वारिंग्टन यांनीं उतरत्या पाठीची टाकी काढली. तिची मागील बाजू अपारदर्शक आणि तिरकी, पुढें पाहण्यापुरती कांच, आणि उजेड वरून. वेल्समधील मेनाय ब्रिज येथील एडवर्ड एडवर्ड्स यांनीं त्यांत आणखी भर घातली. तिरक्या पाठीखालीं त्यांनीं एक अंधारी कोठडी ठेवली. पुढचें उजेडांतलें पाणी आणि मागचें अंधारांतलें पाणी यांची सतत ये-जा होई. अंधारांत शेवाळाचे बीजकण वाढत नाहींत आणि पाणीहि थंड राहतें.

या कल्पनेला भव्य रूप दिलें विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनीं. लंडनमध्यें मत्स्यालयाच्या सामानाचें मोठें दुकान चालविणारे हे गृहस्थ पुढें हँबुर्ग येथील मत्स्यालयाचे व्यवस्थापक झाले, आणि १८७१ सालीं उघडलेलें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचें मत्स्यालय त्यांच्याच देखरेखीखालीं उभें राहिलें. त्यांच्या पद्धतींत दर्शनी टाक्यांच्या खालीं त्यांच्या कितीतरी पट मोठा, अंधारा हौद असे, आणि पंपाच्या साह्यानें पाणी अहोरात्र खालींवर फिरत राही. मुद्दाम शेवाळ लावूं नये, असें लॉइड आग्रहानें सांगत. समुद्राच्या पाण्यांत त्याचे बीजकण असतातच. जेवढें लागेल तेवढें तें आपण होऊन खडकावर उगवतें. ज्या पाहुण्याला थिनबाईंनीं हातांनीं धरून आणलें, त्याला पंचवीस वर्षांच्या आंत ‘बोलावण्याची गरज नाहीं, तो येतोच,’ असें सांगण्याची पाळी आली.

परंतु तळघरांत हौद बांधणें सामान्य गृहस्थाला कोठून साधावें? घरोघरची हौस ओसरूं लागली. निसर्गविषयक लोकप्रिय पुस्तकांचे लेखक जे. जी. वुड यांनीं १८६८ सालीं नमूद केलें आहे कीं मत्स्यालयाचें वेड देशभर पसरलें आणि मग बहुतेक पेट्या टाकून देण्यांत आल्या. दुर्दैवानें त्या हौसेची किंमत मात्र दुसऱ्याच कोणीतरी भरली होती. गॉस यांचे चिरंजीव, साहित्यिक एडमंड गॉस, यांनीं १९०७ सालीं आपल्या आठवणींच्या पुस्तकांत मोठ्या विषादानें लिहून ठेवलें आहे कीं वडिलांच्या पुस्तकांनीं लोकांना ज्या खडकांतील कुंडांची ओळख करून दिली, तींच कुंडें संग्राहकांच्या झुंडींनीं लुटून नेलीं. किनाऱ्यावरचे जीव गेले. दिवाणखान्यांत उरलें तें हिरवें पाणी.

मग चूक कोठें होती? उजेड हें एक कारण झालें. पण तेवढेंच नव्हे. वारिंग्टन यांनीं हिशेब मांडला होता तो श्वासाचा. घेतलेला आणि सोडलेला वायु यांचा मेळ त्यांनीं बरोबर घातला होता. परंतु प्राणी केवळ श्वास घेत नाहींत, ते खातातहि. पेटींत रोज बाहेरून अन्न पडतें. तें पचतें, कुजतें, पण त्यांतील द्रव्य नाहींसें होत नाहीं. तें जातें कोठें, हा प्रश्न हिशेबांत राहिलाच होता.

त्याचें उत्तर मिळालें तें मत्स्यालयांत नव्हे, शेतीच्या प्रयोगशाळेंत. रॉबर्ट वारिंग्टन १८६७ सालीं वारले. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १८७७ सालीं, फ्रान्समध्यें श्लोझिंग आणि म्युंट्स या दोघांनीं वाळू आणि चुनखडी यांच्या थरांतून गटाराचें पाणी झिरपूं दिलें. कांहीं दिवसांनीं त्यांतील अमोनियाचें नायट्रेट बनूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ती क्रिया थांबली. म्हणजे ती नुसती रासायनिक नव्हती. कोणा सूक्ष्म जिवंत जंतूंची होती. हें वर्तमान कळतांच इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रांत एका रसायनशास्त्रज्ञानें तो प्रयोग पडताळून पाहिला आणि पुढें अनेक वर्षें त्याचा पाठपुरावा केला. अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट अशा दोन पायऱ्यांनीं ही क्रिया घडते, हें त्यानें दाखविलें. या रसायनशास्त्रज्ञाचें नांवहि रॉबर्ट वारिंग्टन. मत्स्यालयवाल्या वारिंग्टन यांचे ते चिरंजीव! त्या जंतूंना वेगळें करून दाखविण्याचें यश १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांना लाभलें. पण बापाच्या हिशेबांतील राहिलेली रक्कम मुलानें आपल्या हातानें वहींत मांडली, हा योगायोग शास्त्राच्या इतिहासांत विरळाच म्हणावा लागेल.

ती रक्कम अशी. माशाला घातलेल्या अन्नांतील नत्र शेवटीं नायट्रेटच्या रूपानें पाण्यांत सांठतें. स्फुर फॉस्फेटच्या रूपानें सांठतो. शेतकरी ज्यांना खत म्हणून विकत घेतो तींच हीं द्रव्यें. म्हणजे पेटीचा धनी रोज सकाळसंध्याकाळ माशांना घास घालतांना नकळत एका शेताला खत घालीत असतो, वर दिव्याचें ऊन देतो, आणि मग पीक आलें म्हणून संतापतो! आणि या पिकाला खत लागतें तेंहि किती अल्प! अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनीं १९३४ सालीं समुद्रांतील तरंगत्या सूक्ष्म जीवांच्या घटकांचें प्रमाण प्रसिद्ध केलें. आज तें प्रमाण स्फुराच्या एका अणूमागें नत्राचे १६ आणि कर्बाचे १०६ अणु असें सांगितलें जातें. तळाशीं रुजणाऱ्या शेवाळाचें प्रमाण याहून निराळें असतें. पण अंगभर हिरवाईला चिमूटभर स्फुर पुरतो, ही गोष्ट दोहोंकडे खरी आहे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. कांचेची बंद पेटी हा समतोल नव्हे. ती एक खतावणी आहे. तींत जें जमा होतें तें कोणत्या तरी वाटेनें बाहेर काढलें नाहीं, तर तें शेवाळाच्या रूपानें भिंतीवर लिहून दाखविलें जातें. शेवाळ हा रोग नव्हे. शिल्लक दाखविणारा आंकडा आहे. आंकडा पुसल्यानें शिल्लक बदलत नाहीं. म्हणूनच शेवाळ मारणाऱ्या औषधांनीं बहुधा निराशा होते: मेलेलें शेवाळ पाण्यांतच कुजतें, त्यांतील नत्र आणि स्फुर पुन्हां पाण्यांत येतात, आणि औषधाचा मारा इतर जीवांनाहि सोसावा लागतो. गोगलगाय शेवाळ खाते हें खरें, पण खाल्लेल्याचा मोठा भाग ती त्याच पाण्यांत परत टाकते. तिची मदत मोलाची असली तरी ती झाडू मारणारी आहे, केर उचलून नेणारी नव्हे.

विसाव्या शतकांत हौशी लोकांनीं हा केर उचलण्याच्या निरनिराळ्या वाटा शोधल्या. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं आपली पद्धत एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली. समुद्रांतील जिवंत जीवजंतूंनीं भरलेले खडक, समुद्राचें पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर ते पोवळीं जगवीत. खडकाच्या बाह्य भागांतील जंतु अमोनियाचें नायट्रेट करतात. अगदीं आंतील, प्राणवायु न पोंचणाऱ्या भागांतले दुसरे जंतु त्यांतील नत्र वायुरूपानें हवेंत सोडून देतात. पुढें फेंसाच्या साह्यानें पाण्यांतील सेंद्रिय मळ कुजण्यापूर्वींच काढून टाकणारीं यंत्रें प्रचारांत आलीं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंतील वॉल्टर अडी यांनीं तर उलटाच मार्ग धरला. शेवाळ हटत नाहीं ना? तर मग त्यालाच कामाला लावावें! टाकीच्या बाहेर, उथळ तबकांत जाळ्या पसरून त्यांवर त्यांनीं मुद्दाम शेवाळ वाढविलें, लाटेसारखें पाणी त्यावर खेळविलें, आणि ठराविक दिवसांनीं तें पीक खरडून फेंकून दिलें. पिकाबरोबर खतहि पाण्याबाहेर गेलें. या उपकरणाचें पेटंट १९८२ सालचें आहे. पाहुण्याला हांकलून देण्यापेक्षां परसांत स्वतंत्र खोली बांधून देणें, हा तोडगा सव्वाशें वर्षांच्या भांडणानंतर निघाला.

या सर्व इतिहासाचें सार घरच्या पेटीला लावावयाचें तर तें फार साधें आहे. खाण्याइतकेंच अन्न घालावें. नळाच्या पाण्यांत नत्र आणि स्फुर असूं शकतात, म्हणून क्षारविरहित शुद्ध पाण्यांतच मीठ मिसळावें. दिव्याचे तास बेताचे ठेवावे, आणि पेटीवर ऊन येऊं देऊं नये. ठराविक काळानें थोडें पाणी बदलावें. शेवाळ हातानें उपटावें, आणि उपटलेलें लागलीच पाण्याबाहेर काढावें. नव्या पेटींतील पहिला तपकिरी थर बहुधा सूक्ष्म डायटमांचा असतो. तो पुष्कळदां आपोआप ओसरतो, म्हणून त्याला पाहून घाबरूं नये. तांबूस, बुळबुळीत चादरीसारखा थर मात्र खऱ्या शेवाळाचा नसून एका जातीच्या जंतूंचा असतो, आणि त्याला गोगलगायी सहसा शिवत नाहींत. याउपर जें लागतें तें बाजारांत मिळत नाहीं. तें म्हणजे कांहीं महिन्यांचा धीर.

पण उपटलेलें शेवाळ टाकावयाचें कोठें, या प्रश्नाचाहि एक इतिहास आहे, आणि तो कटु आहे. कॉलेर्पा नांवाचें एक देखणें, पिसासारखें हिरवें शेवाळ श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयांत मोठ्या कौतुकानें वाढविलें जाई. तें थंड पाण्यांतहि टिके, झपाट्यानें वाढे, म्हणून तें दुसऱ्या मत्स्यालयांकडेहि गेलें. १९८४ सालीं भूमध्य समुद्रांत, मोनॅको येथील समुद्रविज्ञान-संग्रहालयाच्या अगदीं खालीं, त्याचा सुमारें एक चौरस मीटरचा ठिपका आढळला. १९८९ अखेर तो ठिपका एक हेक्टराचा झाला होता. नीस विद्यापीठाचे आलेक्सांद्र मेनेझ यांनीं धोक्याचा इशारा दिला. पण वाद चालू राहिले आणि शेवाळ पसरत राहिलें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणींत समुद्रांतलें आणि मत्स्यालयांतलें कॉलेर्पा एकच असल्याचें दिसून आलें. २००० सालापर्यंत त्यानें हजारों हेक्टर समुद्रतळाला ग्रासलें होतें. त्यांतील विषारी द्रव्यामुळें तेथील चरणारे प्राणी त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तुटलेल्या एका तुकड्यापासूनहि नवें रोप उभें राहतें. त्याच वर्षीं, म्हणजे २००० सालच्या जून महिन्यांत, तें कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगोजवळच्या एका खाजणांतहि सांपडलें. तेथें मात्र लोकांनीं वेळ घालविला नाहीं. काळ्या ताडपत्र्यांखालीं कोंडून, आंत क्लोरीन सोडून त्यांनीं तें मारलें. तरीहि तें निर्मूल झाल्याचें जाहीर करण्यास २००६ साल उजाडलें. पेटींतलें शेवाळ किंवा पाणी खाडींत, समुद्रांत, गटारांत टाकूं नये, ही सूचना किती मोठी किंमत देऊन शिकलेली आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

आणि शेवटीं खुद्द समुद्रानेंच पेटीचा धडा गिरवून दाखविला. कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेटाभोंवतीं पोवळ्यांचे विस्तीर्ण खडक होते. बेसुमार मासेमारीनें शेवाळ खाणारे मासे अगोदरच विरळ झाले होते. चरण्याचें काम उरलें होतें तें लांब काळ्या कांट्यांच्या सी-अर्चिनवर. १९८३ सालीं एका रोगाची लाट पनामापासून सुरू झाली आणि सुमारें वर्षभरांत तिनें कॅरिबियनमधील हे प्राणी बहुतेक नाहींसे केले. कुरण कापणारा गेला. टेरेन्स ह्यूज यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें, १९७७ ते १९९३ या काळांत जमैकाच्या खडकांवरील जिवंत पोवळ्यांचें आच्छादन ५२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर उतरलें, आणि शेवाळाचें ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर चढलें. त्या अवधींत आलेल्या वादळांनींहि हानि केली होती हें खरें. पण मोडलेलें पोवळें पुन्हां रुजावें तर त्याला मोकळा खडक लागतो, आणि तो आतां शेवाळानें व्यापला होता.

वारिंग्टन यांच्या चोपन्न लिटरांच्या पात्रांत चारसहा गोगलगायींनीं जें राखलें, तेंच जमैकाच्या समुद्रांत गमावलें गेलें. फरक एवढाच कीं पेटीचा धनी बाही सारून हात घालूं शकतो. समुद्राच्या पेटींत हात घालण्यास कोणाचाहि बाहु पुरत नाहीं. म्हणून दिवाणखान्यांतील हिरव्या कांचेसमोर कंटाळून बसलेल्या गृहस्थानें आपला वेळ फुकट गेला असें मानूं नये. किती घातलें, किती काढलें आणि कोण चरत होतें, हे तीन प्रश्न त्याच्या पेटीनें त्याला विचारले आहेत. गांवचीं गटारें ज्या खाडींत उतरतात आणि गांवचीं जाळीं जिच्यावर पडतात, त्या खाडीकडे तो पुढच्या खेपेस पाहील, तेव्हां तेच तीन प्रश्न त्याच्या ओठांवर आले, तर त्या पेटीचें सार्थक झालें.